राज्य वन्यजीव मंडळाचे सदस्य कसे नेमले जातात?

माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौ.कि.मी. क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात माळरानांबरोबर गावे व खाजगी शेतजमिनीही आल्या. पुढे २०१२ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने फेरआखणी होऊन हे क्षेत्र सुमारे १,२०० चौ.कि.मी.वर आले. अभयारण्य कोठे असावे व त्याची व्यवस्था कशी ठेवावी, याबाबत राज्य शासनाला सल्ला देण्याचे काम राज्य वन्यजीव मंडळाकडे असते. म्हणून या मंडळावर कोण असते, हे शेतकऱ्यांनी जाणून घेणे जरुरीचे आहे.

कायद्याचा आधार

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पूर्वी वन्यजीव सल्लागार मंडळाची तरतूद होती. २००२ च्या दुरुस्तीने त्याजागी राज्य वन्यजीव मंडळ आले. त्याची रचना कलम ६ मध्ये दिली आहे.

मंडळाची रचना

१) मुख्यमंत्री अध्यक्ष व वनमंत्री उपाध्यक्ष असतात.
२) राज्य विधिमंडळाचे तीन सदस्य.
३) वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी.
४) नामवंत निसर्गसंरक्षक, परिसरशास्त्रज्ञ व पर्यावरणतज्ज्ञ यांमधून दहा व्यक्ती. यांत अनुसूचित जमातींचे किमान दोन प्रतिनिधी असलेच पाहिजेत.
५) वन, आदिवासी कल्याण, पर्यटन, पोलीस, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय इत्यादी खात्यांचे अधिकारी, सैन्यदलाचा एक प्रतिनिधी आणि केंद्रीय वन्यजीव, वनस्पती व प्राणिशास्त्रविषयक संस्थांचे प्रतिनिधी.
६) मुख्य वन्यजीव रक्षक हे सदस्य-सचिव असतात.

या सर्व जागा मिळून ३१ होतात.

निवडणूक नव्हे, नियुक्ती

या मंडळासाठी मतदान होत नाही. क्रमांक ३ व ४ मधील तेरा व्यक्तींची नावे राज्य शासन ठरवते. सैन्यदलाचा प्रतिनिधी केंद्र शासन देते. बहुतेक अधिकारी पदामुळे सदस्य असतात. बदली झाली की त्या पदावर येणारा अधिकारी सदस्य होतो. इतर सदस्यांची मुदत व रिकाम्या जागा भरण्याची रीत नियमांनी ठरते. मंडळाची बैठक वर्षातून किमान दोनदा घ्यावी, असे कलम ७ सांगते. २०२२ च्या दुरुस्तीने मंडळाला स्थायी समिती नेमण्याचीही मुभा मिळाली आहे.

मंडळाचा अधिकार सल्ल्याचा आहे. अभयारण्याची हद्द बदलायची असेल, तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय मंडळाची शिफारस लागते.

शेतकऱ्यांना वाव कोठे?

वरील यादीत पशुसंवर्धन खाते आहे. परंतु कृषी खात्याला वा शेतकऱ्यांना स्वतंत्र जागा नाही. वास्तविक काळवीट व रानडुकरांनी केलेले पिकांचे नुकसान शेतकरीच सोसतो आणि माळरान टिकण्या-मोडण्याचा परिणामही त्याच्या गुराढोरांच्या चराईवर होतो.

यावर कायद्यातच एक वाट आहे. कलम ३३-ब नुसार अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमावयाची असते. तिच्यावर स्थानिक विधिमंडळ सदस्य, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या तीन व्यक्ती तसेच संबंधित अधिकारी असतात. अभयारण्यातील व आसपासच्या लोकांचा सहभाग हा या समितीच्या कामाचाच भाग आहे.

तेव्हा अभयारण्यालगतच्या गावांनी पुढील गोष्टी कराव्यात:

• आपल्या अभयारण्याची सल्लागार समिती नेमली आहे का व तिच्यावर पंचायतीचे कोण आहेत, याची वन विभागाकडे लेखी चौकशी करावी.
• चराई, पाणी, रस्ते व पीक नुकसानीच्या अडचणी ग्रामसभेच्या ठरावात तारखेसह नोंदवून समितीकडे पाठवाव्यात.
• त्याच ठरावाची प्रत आपल्या आमदारांना द्यावी.

पीक नुकसानीच्या भरपाईचे अर्ज मात्र मंडळाकडे न पाठवता वनपरिक्षेत्र कार्यालयात विनाविलंब द्यावेत व पंचनामा करून घ्यावा.

माळढोकाचे माळरान व शेतकऱ्याचे शिवार यांचा बांध एकच आहे. त्याविषयीचा निर्णय होताना गावाचे म्हणणे कागदावर असेल, तरच ते विचारात घेतले जाईल.