पसंतीक्रमातील पहिले नाव

पदव्युत्तर प्रवेशाचा हंगाम आला की मावळातील आमच्या वैद्यवर्तुळात दोन-चार घरी तरी एकच चर्चा चालते : अर्जात पहिले नाव कोणत्या संस्थेचे घालावे? या खेपेस ती चर्चा आमच्या दारी आली, ती आंदर मावळात चिकित्सा करणाऱ्या एका स्नेही वैद्यांच्या कन्येमुळे. कन्या बी. ए. एम. एस. उत्तीर्ण, आंतरवासिताही पूर्ण झालेली. वडिलांचा दवाखाना जुना, आणि त्याच्या मागील बाजूस काढे, चूर्णे व सिद्ध तेले यांची परवानाधारक लहान निर्माणशाळा. वडिलांचे मत असे की, कन्येने पुण्यास कायचिकित्सा घ्यावी. लोकलने जाऊन-येऊन होते आणि रविवारी निर्माणशाळेकडे लक्ष राहते. कन्येला मात्र जामनगरला जाऊन द्रव्यगुण शिकायचे होते. उभयतांनी मध्यस्थीचा भार आमच्यावर टाकला.

आम्ही कन्येला सांगितले, ‘तुला तेथेच का जायचे आहे, ते एका पानात लिहून आण.’ दुसऱ्या दिवशी पान आले. अक्षर सुरेख, भाषा शुद्ध. आयुर्वेदाची वैभवशाली परंपरा, १९६७ साली स्थापन झालेले गुजरात आयुर्वेद विद्यापीठ, त्याच्या आवारातील संस्थांना २०२० च्या कायद्याने लाभलेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा, सारे काही त्यात होते. आम्ही ते परत केले. जामनगर खोडून बनारस किंवा जयपूर लिहिले असते, तर सन आणि नाव वगळता त्यातील एकही वाक्य बदलावे लागले नसते.

दोष तिचा एकटीचा नव्हे. तिला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. २०१७ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि पुढील वर्षापासून पदवी प्रवेशासाठीही अखिल भारतीय परीक्षा आली. गुण, क्रमांक आणि पसंतीक्रम एवढ्यावर विद्यार्थ्याचे स्थान ठरते. संगणक पसंती विचारतो, कारण विचारत नाही. या व्यवस्थेने वशिल्याचा आणि थैलीचा पुष्कळ उपद्रव कमी केला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. महाराष्ट्रात तर १९९८ साली नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यापासून राज्यभरच्या आयुर्वेद महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एक, परीक्षा एक आणि पदवीपत्रावरचे नावही एकच. मग एका महाविद्यालयात आणि दुसऱ्यात फरक तो काय? बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, वनौषधी उद्यानाची निगा, एखाद्या अध्यापकाची नाडीवरची बोटे. या गोष्टी अर्जाच्या रकान्यात मावत नाहीत. त्या विद्यार्थ्याने आधी स्वतः जाऊन पाहाव्या लागतात. पाहतो कोण?

वास्तविक मावळ ही विद्यार्थ्यांनी कारण मनात धरून येण्याची भूमी आहे. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगावला होते. सरकारी नोकरीचे दार त्या शिक्षणाने उघडणार नाही, हे ठाऊक असूनही पालकांनी तेथे मुले धाडली. १९१० साली इंग्रज सरकारने ते बंद पाडले. त्याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तो कारखाना होता तशीच काचकामाची शाळाही होती. (आपल्या आसवारिष्टांच्या बाटल्या आज कोठून येतात, हे पाहताना निर्माणशाळाचालकांनी या भट्टीचे स्मरण ठेवावयास हरकत नाही.)

मात्र आम्ही कन्येला जे उदाहरण दिले, ते तिच्या घरापासून तासाभराच्या वाटेवरील लोणावळ्याचे. कैवल्यधामच्या फाटकावरून ती अनेकदा गेली होती; आत कधी गेली नव्हती. दूरदेशीचे विद्यार्थी तेथे येऊन राहतात आणि मावळातील आयुर्वेद पदवीधराला मात्र ते ‘सहलीच्या वाटेवरचे ठिकाण’ वाटते, याचा आम्हांस नेहमीच खेद होतो.

स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्यास राजरत्न माणिकरावांपाशी त्यांनी शरीर घडविले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थेत अध्यापन केले आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग आत्मसात केला. गुरूवर श्रद्धा पूर्ण होती. तरी उड्डियान व नौली करताना उदरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली, बेरियम देऊन, या क्रियांचे निरीक्षण केले. आतड्यातील दाब यंत्राने मोजला. नौलीच्या वेळी बृहदंत्रात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या अवस्थेला त्यांनी गुरूंचेच नाव दिले : ‘माधवदास निर्वात’.

आपणां वैद्यांना यातील मर्म विशेष करून कळावे. आपला निरूह बाहेरून दाब देऊन आत जातो. हठयोग्याची जलबस्ती उलट रीतीची : पाण्यात बसून नळीवाटे पाणी आत ओढले जाते, ढकलणारे बाहेर कोणीच नसते. ते कसे ओढले जाते, याचे उत्तर त्या मोजणीत मिळाले. एका क्रियेविषयीचा एक प्रश्न, पण त्यातून १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. १९५०-५१ मध्ये गोरधनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. ज्याला योगक्रियेचा शरीरावरील परिणाम मोजून पाहावयाचा आहे, त्याला लोणावळ्यास का जावे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

‘तुझी नौली कोणती?’ आम्ही कन्येला विचारले. ती हसली आणि चार दिवस फिरकली नाही.

दुसरे पान आले ते अर्धेच होते. पण त्यात घर होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी महारास्नादी काढ्यासाठी रास्ना मागविली. पहिल्या खेपेस वाळलेली, करडी, किंचित रोमश पाने आली. पुढच्या खेपेस दुसऱ्या व्यापाऱ्याकडून त्याच नावाने आले, ते तांबूस सालीचे, मसाल्याचा वास असलेले कंदाचे तुकडे. दोन्ही पावत्यांवर ‘रास्ना’च लिहिलेले. दोन्ही काढे उकळले. रंग वेगळा, गंध वेगळा, चव वेगळी. वडिलांनी दुसरी खेप बाजूला ठेवली, पण तोवर त्यातील काही बाटल्या रुग्णांच्या घरी पोहोचल्या होत्या. संधिवाताच्या एका वृद्ध रुग्णाने येऊन सांगितले, ‘वैद्यबुवा, या वेळचे औषध निराळेच आहे, पण बरे वाटते.’ हे वाक्य, ती लिहिते, तिला आजही सुटलेले नाही.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या निर्माणशाळा आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात रास्ना म्हणून *प्लुचिया लॅन्सिओलाटा* घेतली आहे. केरळात त्या जागी कुलिंजनाचा कंद वापरतात. बंगालकडे झाडावर वाढणारा वांदा. शार्ङ्गधराच्या पाठात महारास्नादीमध्ये रास्ना इतर द्रव्यांच्या दुप्पट पडते. जे द्रव्य दुप्पट, त्याच्याचविषयी एकमत नाही! सुरतेच्या बापालाल वैद्यांनी वादग्रस्त द्रव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहावा, इतका हा प्रांत गुंतागुंतीचा आहे.

आम्ही मुद्दाम आडवे प्रश्न घातले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेकडे नमुना पाठविला असता ओळख पटवून मिळते; मग सौराष्ट्रापर्यंत कशाला? तिचे उत्तर सरळ होते. ओळख पटेल ती पाकिटातील नमुन्याची. वडिलांना मात्र पुढच्या गोणीची ओळख हवी आहे. शिवाय पानाचा आणि कंदाचा काढा गुणाने कोठे जुळतो व कोठे फुटतो, हे पाहावयाचे तर वनस्पतीची सूक्ष्मदर्शक परीक्षा, कल्पाची निर्मिती आणि रुग्णांवरील वापर एकाच आवारात हवा. जामनगरला १९५६ मध्ये पदव्युत्तर केंद्र सुरू झाले. मुंबईत दीर्घकाळ चिकित्सा व ग्रंथसंपादन केलेले यादवजी त्रिकमजी आचार्य तेथे धुरा वाहावयास गेले. औषधीपरीक्षण, निर्माणशाळा आणि रुग्णालय तेथे एकमेकांना लागून वाढले. आणखी एक कारण तिने समासात लिहिले होते, ते आम्हांस सर्वांत आवडले : प्लुचिया कोरड्या, वाळूसर, खारवट जमिनीची वनस्पती आहे, आंदर मावळाच्या पावसात ती तिला जन्मात उभी दिसणार नाही. सह्याद्रीतील वावडिंग, सप्तरंगी, नरक्या ती पायाखाली घेऊन वाढली. जे येथे नाही ते पाहण्यास तिला जावयाचे आहे.

आता वडिलांची बाजू. ती लहान नाही. जून २००० मध्ये शेड्यूल टी अधिसूचित झाल्यापासून लहान निर्माणशाळांवर जागा, नोंदी आणि परीक्षण यांचा जो भार आला, तो आपण सर्वजण जाणतो. नियमाप्रमाणे पूर्णवेळ अर्हताप्राप्त तंत्रज्ञ हवा. वडील सकाळपासून रुग्णांत बुडालेले. कन्या घरी राहिली, तर ते स्थान तिचे. ती तीन वर्षे गेली, तर पगारी माणूस ठेवावा लागेल, आणि मावळातल्या खेड्यात राहण्यास तयार असा आयुर्वेद पदवीधर मिळणे किती कठीण, हे ज्याने जाहिरात दिली असेल त्याला विचारावे. आमचे स्नेही स्पष्टच म्हणाले, ‘तीन वर्षांत एखादे वर्ष निर्माणशाळा बंद ठेवावी लागेल.’ आम्ही त्यांना खोटा धीर दिला नाही. बंद ठेवावी लागेलही. पण काढ्यात काय पडते आहे हे ठाऊक नसता ती चालू ठेवणे, ही स्थितीही त्यांना मानवणारी नव्हती, हे त्यांच्या कपाटात अजून ठेवलेल्या त्या दुसऱ्या खेपेवरून आम्हांस दिसत होते. विकावयाची नव्हती, तर ती एव्हाना फेकून दिली असती.

पसंतीक्रम नोंदविण्याच्या अखेरच्या संध्याकाळी पिता-पुत्री आमच्याकडे बसून होते. कामशेतकडे पाऊस जोरात होता, वीज दोनदा गेली. जामनगर पहिले, पुणे दुसरे. तिचा क्रमांक मधला होता, त्यामुळे पहिले नाव मिळेलच असे कोणी सांगू शकत नव्हते. अर्ज पक्का झाल्यावर वडील उठले आणि सोबत आणलेली पिशवी त्यांनी मेजावर ठेवली. आत काचेच्या दोन बरण्या होत्या. एकीत पाने, दुसरीत कंदाचे तुकडे. दोहोंवर चिठ्ठी, चिठ्ठीवर खरेदीची तारीख आणि पावतीचा क्रमांक. ‘जेथे जाशील तेथे या घेऊन जा,’ एवढेच ते म्हणाले.