काच अडली तर…

पावसाळ्यात कागलहून कोल्हापूरला निघावं, पुणे-बंगळूरु हायवेवर सर यावी आणि गाडीची काच वरच जाऊ नये! मैत्रिणींनो, गोंधळू नका. आधी ड्रायव्हरच्या दारावरचं लॉक बटण बघा. ते दाबलेलं असलं की मागच्या काचा आपापल्या बटणांनी हलत नाहीत. सगळ्याच काचा बंद? मग बहुधा फ्यूज गेला. नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला; जास्तीचा किंवा नुसती तार घातली तर वायर तापून आग लागू शकते. एकच काच अडली, पण मोटरची घरघर येतेय? काच ओढणारी केबल तुटली असेल. आवाजच नाही? बटण, वायर नाहीतर मोटर. एवढं सांगता आलं की मेकॅनिकपुढे नुसतं मान डोलवत उभं राहावं लागत नाही. मात्र मागे मुलं असतील तर ते लॉक दाबलेलंच ठेवा. वर जाणाऱ्या काचेत चिमुकली बोटं, मानसुद्धा सापडते.