पॉलिमर क्लेचे दागिने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हस्तकलेच्या प्रदर्शनात पॉलिमर क्लेचे कानातले हातात घेणारे बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात: पाण्यात विरघळतील का, आणि मातीचे असून इतके महाग का? हे प्रश्न या माध्यमाची ओळख नसल्यामुळे पडतात.

गैरसमज: ही माती आहे, उन्हात ठेवली की वाळते.
वस्तुस्थिती: यात माती नसतेच. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंगद्रव्य यांचं हे मिश्रण असतं. त्यात पाणी नसल्यामुळे ते वाळत नाही, उष्णतेनेच पक्कं होतं. टेराकोटाचे दागिने खऱ्या मातीचे असतात. एअर ड्राय क्ले हवेत वाळते. या तिन्हींची कृती वेगवेगळी आहे. पक्की झालेली पॉलिमर क्ले पाण्यात विरघळत नाही.

गैरसमज: आच वाढवली की काम लवकर होतं.
वस्तुस्थिती: दागिना बिघडतो तो बहुधा इथेच. ब्रँडप्रमाणे साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि किमान अर्धा तास द्यावा लागतो. आच कमी पडली, तर कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि वरून कडक दिसणारा दागिना पुढे तुटतो. जास्त झाली, तर क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. ओटीजी ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान नेहमी जुळत नाही, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. मायक्रोवेव्ह मात्र वापरू नये.

गैरसमज: एवढी बारीक नक्षी रंगवलेली किंवा छापलेली असणार.
वस्तुस्थिती: बऱ्याचदा ती क्लेमध्येच असते. रंगीत पट्ट्या आणि कांड्या रचून जाड नळा करतात. त्याला केन म्हणतात. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक चकतीत तीच वळणं दिसतात, तसंच इथे होतं. केन चहूबाजूंनी दाबून लांबवला की आतलं फूल आकार न बिघडता लहान होत जातं. व्हेनिसच्या काचकामातली ‘मिलेफिओरी’ पद्धत या माध्यमात अशी उतरली आहे.

गैरसमज: वरून नेलपॉलिश लावलं की चकाकी येते.
वस्तुस्थिती: नेलपॉलिशमधल्या द्रावकांमुळे पृष्ठभाग कालांतराने चिकट होऊ शकतो. ओल्या पॉलिश पेपरने 400 पासून 1000 नंबरपर्यंत क्रमाने घासून सुती कापडाने चोळलं, तर वार्निशशिवायही सुंदर झळाळी येते.

गैरसमज: हा मुलांचा खेळ आहे, कला नव्हे.
वस्तुस्थिती: सुरुवात खेळण्यांच्या जगातच झाली. जर्मन बाहुलीकार केथे क्रूसे यांच्या मुलीने या माध्यमावर काम केलं आणि त्यातून 1960च्या दशकात ‘फिमो’ ही पॉलिमर क्ले बाजारात आली. पुढे अमेरिकेत पियर वूल्कोस, कॅथलीन डस्टिन, टोरी ह्यूज यांनी ते दागिन्यांत आणि शिल्पांत नेलं. विस्कॉन्सिनच्या रसीन आर्ट म्युझियममध्ये पॉलिमर कलेचा संग्रह आहे. तिथे 2011 मध्ये ‘टेरा नोव्हा’ हे खास प्रदर्शन भरलं होतं.

आता किंमत. क्लेचं पाकीट फार महाग नसतं. पैसे जातात ते रंग मिसळणं, केन रचणं, भाजणं आणि घासणं या तासन्‌तासांच्या कामाला. म्हणून दागिना घेताना मागची बाजू आणि कडा तपासा, भाजणीबद्दल विचारा. न दिसणारी बाजूही ज्याने मन लावून घडवली, त्याला त्याच्या कामाची किंमत घासाघीस न करता द्या.