खरजेचा उपचार आणि पायलीभर ज्वारी

घरातील एका मुलास खरूज झाली की बहुधा त्या एकाच मुलाला दवाखान्यात नेले जाते आणि मलमाची एक नळी घरी येते. खरूज मात्र त्या मुलापुरती मर्यादित राहिलेली नसते. तिचा सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो आणि प्रथमच लागण झालेल्या व्यक्तीस खाज सुटण्यास ४ ते ६ आठवडे लागू शकतात. म्हणून खाज नसणाऱ्यांसह घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत औषध लावणे, दुसऱ्या दिवशी कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळविणे आणि सुमारे आठवड्याने औषध पुन्हा लावणे आवश्यक असते. तान्ही बालके व गर्भवती यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचा असतो.

पर्मेथ्रिनचे मलम मोठ्या माणसास एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला दोन वेळचे मलम विकत घ्यावयाचे तर मजुरीचे गणित कोलमडते. मग एक नळी सर्वांत पुरविली जाते व महिन्याभरात खरूज परतते. दोष मात्र बहुधा त्या घराच्या अस्वच्छतेला दिला जातो! वस्तुतः दर रुग्णामागे, दर नळीमागे पैसे मोजण्याची पद्धतच येथे रोगाला साहाय्यभूत होते. गजकर्णाचेही तेच. नळी संपते, खाज थांबते आणि उपचार अर्धाच राहतो.

या दृष्टीने वर्धा जिल्ह्यातील एक प्रयोग उद्बोधक आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा सुरू झाला. हंगामात, घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीनुसार ज्वारी द्यावयाची. अधिक जमीन असणाऱ्याने अधिक, भूमिहीनाने थोडी. गावातील बहुसंख्य कुटुंबे सहभागी झाली तरच योजना लागू होई. त्याबदल्यात गावातच आरोग्यसेवकाकडून प्राथमिक उपचार व कस्तुरबा रुग्णालयात सवलतीने सेवा मिळे.

खरजेसारख्या रोगास ही रचना विशेष अनुरूप ठरते. वर्गणी कुटुंबाची असल्याने औषधही कुटुंबासाठी मागता येते आणि पैसे आधीच दिलेले असल्याने खाज नसलेल्या आजीसाठी वेगळा खर्च कशाला, हा प्रश्न उरत नाही. कुष्ठरोगाच्या बाबतीत या जिल्ह्याला असा अनुभव आहेच. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने रुग्णाची वाट न पाहता घरोघरी पाहणी करून उपचार देण्याची पद्धती रूढ केली.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. तथापि औषध निःशुल्क असूनही ते एकाच रुग्णाच्या नावे दिले गेले, तर नळी पूर्वीप्रमाणेच एकच राहते. शिक्षकाने खरूज झालेल्या विद्यार्थ्याला आरोग्य केंद्रात पाठविताना चिठ्ठीवर घरातील माणसांची संख्या लिहावी. साठा अपुरा असल्यास तो मागविण्याचा ठराव पंचायतीला करता येतो. योग्य उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, हेही पालकांना त्याच वेळी सांगावे. अन्यथा ते आणखी एक नळी विकत आणतात.