बडोद्याचा दर्या आणि ४२ बेटं

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. कमाटी बागेतल्या संग्रहालयात सत्तर फुटांहून लांब निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो देवमासा १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला, त्यामुळे बडोदेकरांना समुद्र म्हटलं की खंभातचं आखात आठवतं. संस्थानाचा खरा दर्या मात्र पार पश्चिमेला, ओखामंडळात. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हा मुलूख गायकवाडांच्या अमरेली प्रांतात मोडायचा. ओख्याचं बंदर सयाजीरावांनीच बांधवलं.

त्याआधी, १९०५ च्या सुमारास, दरबाराने जेम्स हॉर्नेल या इंग्रज तज्ज्ञाला या किनाऱ्यावर धाडलं. सिलोनच्या मोत्यांच्या कालवांवर काम केलेला हा माणूस. हेतूबद्दल आडपडदा नव्हता: मोत्यांची कालवं आणि शंख यांतून दौलतीला काय मिळेल ते पाहायचं. बंगालात सुवासिनी शंखाच्या बांगड्या घालतात, त्यासाठी काठेवाडचा शंख तिकडे जाई. बेट द्वारकेचं जुनं नावही शंखोद्धार. हॉर्नेलने कालवांबरोबर बाकीची जीवसृष्टीही गोळा केली, विलायतेतल्या जाणकारांकडून तपासून घेतली आणि १९०९ व १९१६ मध्ये बडोदे सरकारला दोन भागांत अहवाल दिला. मोत्यांच्या महसुलाचं आज कुणाला काही वाटत नाही. अहवाल मात्र कच्छच्या आखाताचा अभ्यास करणाऱ्यांना अजून उघडावा लागतो. माझ्या मते दरबाराने या दर्यावर केलेला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हाच.

कच्छच्या आखाताचा ओख्यापासून जोडियापर्यंतचा हा दक्षिण किनारा आणि त्यालगतची ४२ बेटं (बरीचशी जुन्या नवानगर संस्थानाची) १९८० मध्ये अभयारण्य झाली. त्यातला गाभा १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. पिरोटण, करुंभर, अजाड, भैदर ही त्यातली काही नावं. भारतातले सर्वांत उत्तरेकडचे प्रवाळ इथे आहेत. खरं तर ही जागा प्रवाळांच्या सोयीची नाहीच. पाऊस कमी, म्हणून पाणी जास्त खारट. उन्हाळा-हिवाळ्यातला फरक मोठा. वर भरती-ओहोटीचा जोर असा, की पाणी सदैव गढूळ. आखातात जितकं आत जावं तितकी भरती चढत जाते. पाणी ओसरलं की खडक उघडे पडतात आणि प्रवाळ तासन् तास उन्हात राहतात. त्यातूनही ते तगले. अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाने उन्हाच्या मदतीने केलेलं अन्न त्यांना मिळतं, म्हणून त्यांना उजेड हवाच. गाळाचा थर बसला की उजेडही तुटतो आणि जीवही गुदमरतो.

माणसाने इथे नेमका गाळच वाढवला. सिमेंटसाठी प्रवाळमिश्रित वाळू उपसली गेली, सरपणासाठी आणि उंटांच्या चाऱ्यासाठी चेर म्हणजे आपली तिवरं तुटली. ती तिवरंच तर मुळांत चिखल धरून ठेवतात. त्यात वाडिनारला तेल उतरवण्याचं केंद्र, जामनगरजवळ अवाढव्य तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि अभयारण्यातून जाणाऱ्या नळवाहिन्या. जंगलाला हद्दीचे खांब तरी रोवता येतात, पाण्याला कसले? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, ते मच्छीमारांच्या विरोधात अडकलं. इथे अडचण उलटी: कागदावर संरक्षण, आणि शेजारी देशातला सर्वांत मोठा तेलउद्योग. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे तिवरांची पुन्हा लागवड झाली आणि मिठापूरला, म्हणजे जुन्या गायकवाडी मुलखातच, नाहीसे झालेले फांद्यांचे प्रवाळ परत वाढवण्याचा प्रयत्न झाला.

बडोद्याहून द्वारकेला जाणारे पुष्कळ. २०२४ पासून बेट द्वारकेला जायला पूलही झाला आहे. पुढच्या खेपेला वाटेत एक दिवस या सागरी उद्यानातल्या, वाडिनारजवळच्या नरारा बेटासाठी काढा. वनखात्याची परवानगी लागते, स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो. पाण्यात बुडी मारायची गरज नाही. ओहोटीला घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालताना प्रवाळ, समुद्रफुलं, ऑक्टोपस, फुग्यासारखा फुगणारा मासा दिसू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे जा. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे हटतं. पायांत जाड तळाचे बूट घाला, पाऊल वाळूवर टाका, प्रवाळावर नको. आणि आठवण म्हणून प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्याच अनुसूचीत ठेवलं आहे.