आकृतीवर विसंबू नये

वर्गात तास घेणाऱ्या शिक्षकाला आवाजाचे मोल सांगावयास नको. थायरॉईड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत हाच आवाज पणाला लागतो, कारण स्वरतंतूंना हालविणारा मज्जातंतू या ग्रंथीच्या पाठीशी अगदी लगटून जातो. तो एका बाजूस दुखावला तर आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंस दुखावला तर श्वासच कोंडतो.

या तंतूची वाटही सरळ नाही. तो आधी खाली उतरतो, डावीकडे महारोहिणीला व उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील खाचेतून पुन्हा वर चढतो. ही झाली पुस्तकातील आकृती. प्रत्यक्षात तो ग्रंथीच्या खालच्या रोहिणीपुढून, मागून किंवा तिच्या शाखांमधूनही जातो. अनेकदा स्वरयंत्रात शिरण्यापूर्वीच त्याला फाटे फुटतात. शंभरांत जेमतेम एखाद्या माणसात उजवा तंतू खाली उतरतच नाही. त्याच्यात उजव्या हाताची रोहिणी जन्मतःच भलत्या जागी उगम पावून अन्ननलिकेमागून गेलेली असते. वळसा घालण्यास ती जागेवर नसल्याने तंतू मानेतूनच आडवा स्वरयंत्रात शिरतो. असा आडवा धागा रक्तवाहिनी समजून कापला जाण्याची भीती असते.

मग उपाय कोणता? बर्नचे थिओडोर कोखर यांनी एके काळी प्राणघातक असलेली ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली आणि १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जीव वाचू लागला, तसा आवाज वाचविण्याचा प्रश्न पुढे आला. तंतूच्या वाटेस जाऊच नये, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. बोस्टनचे फ्रँक लेही यांनी १९३८ साली नेमके उलट प्रतिपादन केले : तंतू प्रत्येक वेळी शोधून, डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे. आज सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने तंतू ओळखणारी यंत्रे आली आहेत आणि सीटी स्कॅनमध्ये रोहिणीची वेगळी वाट आधीच दिसू शकते. तथापि ही साधने नजरेला साहाय्य करतात, तिची जागा घेत नाहीत.

म्हणून तंतू दिसेपर्यंत कोणतीही आडवी दोरी कापू नये, हा नियम घाईच्या दिवशीही पाळला गेला पाहिजे. त्यासाठी लागणारा वेळ हा अपव्यय नव्हे. रुग्णानेही शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर स्वरतंतूंची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. आकृती हजारांची असते. शस्त्रक्रिया मात्र एकाच माणसाची होते.