दोष कळवायचा कसा?

लिब्रेऑफिसमध्ये निबंध लिहिताना जोडाक्षर फुटले, तर तुम्ही काय कराल? हा प्रोग्रॅम मुक्तस्रोत आहे. त्यातील दोष कोणीही कळवावा, अशी अपेक्षा असते. पण नोंद करायची ती 'बगझिला'वर, आणि १९९८ सालची ही प्रणाली मुळात मोझिलाच्या प्रोग्रॅमरांसाठी घडलेली. आधी खाते उघडा. मग प्रश्न येतो, दोष कोणत्या घटकात आहे? 'रायटर'मध्ये की 'ग्राफिक्स स्टॅक'मध्ये? (रोग्यालाच निदान विचारण्यातला हा प्रकार!) येथेच बरेच जण माघार घेतात. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रॅमरला तर फुटलेले जोडाक्षर ओळखूच येत नाही. तेव्हा घटकाचा अंदाज चुकला तरी चालेल. पण टंक कोणता, अक्षरे कोणत्या क्रमाने टाइप केली, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे जरूर लिहा. त्या क्रमानेच त्याला तो दोष आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येतो.